तळ्यापर्यंत दहा मिनिटं

१

सकाळी नऊ वाजता मी शेडचं दार उघडतो. सगळं नाही, वरचं अर्धं. खालचं अर्धं बंद ठेवलं की शेजारच्या बॅटीच्या मेंढ्या आत शिरत नाहीत आणि मला कोपरं टेकायला जागा होते. मग चहा, मग रेडिओ, मग सायकलींच्या चाकांत हवा. दहाच्या सुमाराला शेजारच्या घरातून, म्हणजे माझी बहीण अट्रॅक्टा चालवते त्या गेस्टहाउसमधून, पाहुणे भरपेट न्याहारी करून बाहेर पडतात आणि पोटावर हात फिरवत माझ्याकडे येतात. कुणाला खालच्या तळ्यावर होडी हवी असते, कुणाला गळ, कुणाला रबरी बूट. ज्यांना यातलं काहीच नको असतं ते डोंगराकडे बोट दाखवून विचारतात, "वरचं तळं किती लांब आहे हो?"

एकोणतीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर देतोय. आमच्या ड्रमावेल गावात त्याचं खरं उत्तर द्यायची पद्धत नाही. याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नाही, पाहुणचार म्हणतो. माणूस सुट्टीवर आलेला असतो, खुशीत असतो. त्याला "दीड तास, आणि शेवटचा चढ जीव काढतो" असं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो, आणि परक्या माणसाचा चेहरा पाडणं आमच्याकडे असभ्यपणाचं समजतात. म्हणून आपण म्हणायचं, "दहा मिनिटं. चुकायची सोयच नाही." तो उड्या मारत निघतो, दीड तासाने धापा टाकत तळ्यावर पोचतो, खाली येऊन मला शिव्या घालतो आणि संध्याकाळी पबमध्ये हाच किस्सा तिखटमीठ लावून सांगतो. माझे वडील पाच मिनिटं सांगायचे. त्या मानाने मी सज्जन.

अट्रॅक्टाचं हवामानाच्या बाबतीत तसंच आहे. बाहेर धो धो कोसळत असलं तरी टोस्ट समोर ठेवता ठेवता म्हणेल, "पाऊस कुठला, थोडं दमट आहे इतकंच."

मी हे आधी सांगून टाकतोय, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

२

योस्त टर्प्स्ट्रा नावाचा हॉलंडचा एक निवृत्त पोस्टमास्तर दोन वर्षांपूर्वी जुलैत अट्रॅक्टाकडे उतरला होता. एकटाच. बायको मुलीकडे होती, मुलीला बाळ झालं होतं. रविवारी दुपारी तो माझ्या शेडपाशी आला. आमची काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, बावीस वर्षांनी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोचली होती, रेडिओवर शेवटची आठ मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. त्याने विचारलं, "माफ करा, वरचं तळं किती लांब?" आवाज नम्र होता, शब्द एकेक करून ठेवल्यासारखे. मी म्हणालो, "दहा मिनिटं. चुकायची सोयच नाही." तो म्हणाला, "आभारी आहे." एवढंच बोलणं झालं. सामना आम्ही हरलो.

आता हे नीट लक्षात घ्या. दीड तास चालायचंय हे ज्याला माहीत असतं तो वाट सोडत नाही. ज्याला दहा मिनिटं सांगितलंय त्याला अर्ध्या तासाने वाटू लागतं की तळं मागे राहिलं, मग तो दिसेल त्या फाट्याला वळून बघतो. बॅटीच्या मेंढवाड्याच्या थोडं वर डाव्या हाताला मेंढ्यांनी पाडलेली एक वाट आहे. ती सरळ दलदलीत जाते. चार वाजता धुकं उतरलं. चार दिवस माणसं, कुत्री आणि हेलिकॉप्टरं शोधत होती. त्या डाव्या वाटेवर त्याची काठी सापडली, बाकी काही नाही.

गार्ड मुलहर्न म्हणजे आमच्या गावचा पोलीस, शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. तो अट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरात वही उघडून बसला.

"फिंटन, शेवटचा तूच बोललास त्याच्याशी. काय सांगितलंस?"

"दीड तास लागेल, असं सांगितलं," मी म्हणालो.

तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "वर धुकं उतरेल, आज नका जाऊ, असंही म्हटलं. ऐकेना."

हे मला कुणी विचारलंही नव्हतं. मुलहर्नने ते लिहून घेतलं. दोन दिवसांनी पेपरात आलं की स्थानिकांनी बजावूनही पर्यटक डोंगरावर गेला. अट्रॅक्टा किटलीतून चहा ओतत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गप्प राहिली. गप्प राहणं हाही आमच्याकडे पाहुणचाराचाच भाग आहे.

मी हे का केलं ते मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. दहा मिनिटं म्हणालो ते त्याचा चेहरा पडू नये म्हणून. त्यात वाईट काय होतं? पोलिसाला खोटं सांगितलं ते घाबरून. एक चांगुलपणा आणि एक भीती, असा मी हिशोब मांडला होता.

३

ऑगस्टमध्ये त्याची बायको आली. हिल्के. उंच, आखूड पांढरे केस, रेनकोट घडी घालून हातावर. नवऱ्याची बॅग न्यायला आली होती. मी मागच्या दाराने सटकायच्या बेतात होतो, पण अट्रॅक्टाने "हा माझा भाऊ" म्हणून मला पुढे ओढलं.

हिल्केबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुम्ही त्याला अडवायचा प्रयत्न केलात. आभार मानल्याशिवाय जाणार नव्हते मी."

मी हात सोडवून घेतला.

"एकेचाळीस वर्षं सांगत आले त्याला, लोकांचं ऐक म्हणून," त्या म्हणाल्या. "माझं नाही ऐकलंस तर नको ऐकू, निदान तिथल्या माणसांचं ऐक. नाही. हट्टी तो हट्टीच! आणि तेही नात झालेल्या आठवड्यात. तिला बघितलंसुद्धा नाही त्याने."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. त्याचे इस्त्रीचे शर्ट त्यांनी मुठीने बॅगेत कोंबले. एक बाही बाहेर लोंबत राहिली, तर तिच्यासकट चेन ओढली. मी दारात उभा राहून ते बघितलं. एका वाक्यात तो राग त्या मेलेल्या माणसावरून उचलता आला असता आणि माझ्यावर ठेवता आला असता. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

मी म्हणालो, "चहा घेणार का?"

त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं मी म्हणतो खरं. पण संध्याकाळी मी पोटभर जेवलो, हेही सांगायला हवं.

४

पुढच्या मे महिन्यात फ्रान्सचं एक जोडपं तळ्यावरून परत आलं. बूट परत करताना नवरा हसत म्हणाला, "तुमच्या माणसाने चांगलंच बनवलं आम्हाला. दहा मिनिटं म्हणे!"

"कुठला माणूस?"

"वर, दगडी भिंतीपाशी. भिंतीपलीकडून बोलला. धुकं होतं थोडं."

मेंढवाडा बॅटीचा, तेव्हा बॅटीच असणार. मी सोडून दिलं.

दोन आठवड्यांनी बेलफास्टच्या तीन परिचारिका आल्या. हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

"काय हो, तुमचा भाऊ भलताच थापाड्या निघाला!"

"मला भाऊ नाही."

"असं होय! मग आमच्या आधी धावत वर जाऊन तुम्हीच लपून बसलात वाटतं. या वयात! कमाल आहे हं!"

"मी इथेच होतो दिवसभर."

"अहो, हाच आवाज. हेच ते, 'चुकायची सोयच नाही'. ब्रोना, करून दाखव ना!"

ब्रोनाने करून दाखवलं. माझी नक्कल गावातल्या पोरांनी पुष्कळ वेळा केली आहे, तेव्हा माझा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते मला ठाऊक आहे. पण ब्रोनाने केली ती वेगळी होती. घाईतली. वाक्याचा शेवट तोडून टाकलेला, दुसरीकडे लक्ष असलेल्या माणसाचा. मी एरवी तसा बोलत नाही. दारावर कोपरं टेकून, ऐसपैस बोलतो.

मी बॅटीकडे गेलो. तो चुलीपाशी पाय शेकत बसला होता.

"वर जाऊन पाहुण्यांना काय सांगतोस रे?"

"मी? गुडघे गेलेत माझे. ईस्टरपासून वर पाऊल नाही. पोरगीच बघते मेंढ्या." मग डोळा मारून म्हणाला, "आणि मी सांगितलं असतं तर पाचच सांगितली असती. तुझ्या बापासारखी."

घरी येताना मी स्वतःशी नीट विचार केला. गावातल्या कुणीतरी टारगटाने गंमत चालवली असेल. किंवा मीच खाली सांगितलेलं पाहुण्यांच्या डोक्यात बसत असेल, आणि वर दमल्यावर त्यांना तेच पुन्हा ऐकल्यासारखं वाटत असेल. दमलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. हे मला पटलं. फक्त एक गोष्ट राहत होती. योस्त टर्प्स्ट्रा गेल्यापासून मी कुणालाही दहा मिनिटं म्हणालो नव्हतो.

५

त्या वर्षी मी प्रत्येकाला खरं सांगितलं. दीड तास. डावीकडे वळू नका. चेहरे पडले, तरी माणसं गेलीच. मग मी लाकडाची पाटी रंगवली, तळं दीड तास, आणि वाटेच्या तोंडाशी ठोकली. अट्रॅक्टा म्हणाली, "बापाने बघितली असती तर घराबाहेर काढलं असतं तुला."

मी स्वतः चारपाच वेळा वर गेलो. मेंढवाड्याची भिंत छातीएवढी आहे, गवताने मऊ झालेली. आत मेंढ्यांच्या लेंड्या, एक मोडका टब, बाकी काही नाही. मी भिंतीला टेकून तास तास बसलो. एकदा स्वच्छ ऊन असताना लांबून एक घोंघाट ऐकू आला, हजारो माणसं एकदम ओरडली की रेडिओतून जसा येतो तसा. चढला आणि विरून गेला. डोंगरावर हेदरच्या झुडपांना फुलं आली होती, त्यावर मधमाश्यांचे थवे असतात. मधमाश्याच असतील असं मी धरून चाललो आणि खाली आलो. खाली येताना पळत होतो, हे मला शेडपाशी पोचल्यावर कळलं.

सप्टेंबरात वेल्सचं एक तरुण जोडपं गेलं, बाईच्या पाठीवर सहा महिन्यांचं बाळ. दुपारी एकला गेले ते सहा वाजता आले. मांड्यांपर्यंत काळ्या चिखलाने माखलेले. बाळ निळं पडलं होतं आणि रडतही नव्हतं. अट्रॅक्टाने त्याला हिसकावून घेतलं आणि स्वेटरच्या आत, थेट अंगाशी धरून चुलीपुढे बसली. पाऊण तासाने ते रडलं.

मग ती आई माझ्याकडे वळली.

"पाटीवर लिहिता दीड तास, आणि वर उभं राहून सांगता दहा मिनिटं! आम्हाला वाटलं तळं मागे राहिलं. डावीकडे वळलो आम्ही!"

"बाई, मी वर आलोच नव्हतो."

"तुमचा आवाज ओळखू येत नाही का मला? लाज नाही वाटत?"

मी माफी मागितली. हात जोडून, तीनतीनदा. जे मी केलं नव्हतं त्याची माफी मला किती सहज मागता आली!

ते वर झोपायला गेल्यावर अट्रॅक्टा भांडी विसळता विसळता म्हणाली, "फिंटन, त्या बाईला पत्र लिही."

"कुठल्या बाईला?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. त्या दिवशी तू त्याला काय सांगितलंस ते मी ऐकलं नाही. पण चोपन्न वर्षं ओळखते तुला. तू कुणाला 'आज नका जाऊ' म्हणशील?" तिचे हात थांबले. "आज ते बाळ गेलं असतं."

मी चार वेळा पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय हिल्केबाई, आशा आहे आपली नात मजेत असेल' याच्या पुढे गेलो नाही. पत्र लिहिलं नाही, पण वाट बंद करायला गेलो. गावच्या समितीने ऐकून घेतलं नाही. नकाशात छापलेली वाट, परदेशी मासिकात फोटो आलेला, ती म्हणे फिंटन गिलहूलीला वाटतं म्हणून बंद करायची? कारण विचारलं. कारण मला सांगता आलं नाही.

६

यंदाच्या जुलैत हिल्केबाई न कळवता आल्या. मी दारावर कोपरं टेकून होतो, आणि त्या समोर उभ्या. पायात चालायचे बूट.

"मला वर जायचंय. बघायचंय एकदा. तुम्ही सोबत याल का?"

"येतो."

"किती लांब आहे?"

"दीड तास."

"हं. त्यालाही तुम्ही हेच सांगितलं होतंत."

अट्रॅक्टाने ब्राऊन ब्रेड आणि उकडलेली अंडी बांधून दिली. पुडकं माझ्या हातात देताना मनगट घट्ट धरलं. "जाताना सांग. येताना नको. ऐकतोयस ना? जाताना."

मी ठरवलं की पहिल्या फाटकाशी सांगायचं. फाटक आलं, मी ते त्यांच्यासाठी उघडून धरलं आणि म्हणालो, "या बाजूला निसरडं आहे, जपून." मग ठरवलं ओढ्याशी. ओढ्यापाशी मी त्यांना ट्राउट मासे कुठे बसतात ते दाखवलं. एकोणतीस वर्षं पाहुण्यांना फिरवलेला माणूस मी, माझं तोंड आपोआप चालतं. ही अमुक फुलं, तो तमुक पक्षी. त्या मान हलवत होत्या. त्यांना कशाचंही काही नव्हतं, त्या फक्त वाट बघून घेत होत्या, कुठे चढ आहे, कुठे दगड, त्याने कुठे पाय ठेवला असेल.

निम्म्याहून थोडी जास्त वाट झाली आणि मेंढवाडा आला. धुकंही त्याच वेळी उतरलं, वरून खाली नाही, चारी बाजूंनी, चूल धुमसली की खोली भरते तसं. वाट तीन हातांपलीकडे दिसेना. हिल्केबाई भिंतीलगतच्या एका दगडावर बसल्या. दमल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते.

"थांबू या थोडं," मी म्हणालो. "इथून अजून अर्धा-पाऊण तास आहे."

"खरं सांगता तुम्ही. बरं वाटतं." त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. "मी त्याचा दगड केला नाही, माहीत आहे? कबरीचा. पुरायला काही नाही, पण मुलगी म्हणत होती नावाचा दगड तरी करू. मी नको म्हटलं. त्याची दुर्बीण देऊन टाकली. नातीला त्याचा फोटो दाखवत नाही. दोन वर्षं मी त्या माणसावर इतकी रागावलेय की रडायचं राहूनच गेलंय." त्यांनी वर बघितलं. "तुम्ही त्याला दीड तास म्हणालात, जाऊ नका म्हणालात. तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता? हसला का? नेहमी हसायचा तो, ऐकायचं नसलं की. मला तेवढंच सांगा. तो चेहरा एकदा कळला की मी जाईन."

आता सांगायचं होतं. याहून चांगली वेळ मला कुणी दिली नसती. मी तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं.

७

"दहा मिनिटं. चुकायची सोयच नाही."

हे मी म्हणालो नव्हतो. माझं तोंड उघडंच होतं आणि त्यातून काही आलं नव्हतं. हिल्केबाई माझ्याकडेच बघत होत्या, त्यांनीही ते पाहिलं. आवाज भिंतीच्या पलीकडून आला. घाईतला, शेवट तोडलेला. आणि त्याच्या मागे रेडिओवरची गर्दी ओरडत होती, अगदी बारीक.

मी भिंतीवरून पलीकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं.

सहा-सात पावलांवर, धुकं थोडं विरळ झालं होतं तिथे, एक माणूस पाठमोरा वाकून उभा होता. तपकिरी स्वेटर, कोपराला अट्रॅक्टाने लावलेलं ठिगळ. कान कशाला तरी लावलेला. तो कुणाशी तरी बोलत होता, पण त्या कुणाकडे वळला नव्हता. नुसता हात खांद्यावरून मागे उडवून त्याने वाट दाखवली, माशी हाकलावी तशी. कुणीतरी नम्र आवाजात, शब्द एकेक ठेवत, "आभारी आहे" म्हणालं. पाठमोरा माणूस तरीही वळला नाही. मग धुकं दाट झालं आणि तिथे काही उरलं नाही.

मला वाटलं होतं की मला भीती वाटेल. तेवढी वाटली नाही. लाज वाटली. अंगातलं सगळं रक्त कानांत जमल्यासारखी लाज. त्याचा चेहरा पडू नये म्हणून खोटं बोललो, असं मी दोन वर्षं म्हणत होतो.

"बाई," मी म्हणालो, "त्याचा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. मी सामना ऐकत होतो. त्याने विचारलं आणि मी मागे न वळता दहा मिनिटं म्हणालो. जाऊ नका वगैरे काही म्हणालो नाही. ते मागाहून पोलिसाला सांगितलं, स्वतःला वाचवायला. त्याने माझं ऐकलं. मी सांगितलं तसंच केलं त्याने."

हिल्केबाई हलल्या नाहीत. नाडीचं टोक बोटाला गुंडाळलेलं तसंच होतं.

"त्याने ऐकलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुमचं ऐकलं त्याने."

"हो."

त्या मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचं लक्ष माझ्यावरून निघून गेलं होतं. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या. मीही ऐकलं. भिंतीपलीकडे वाटेवर पावलं वाजत होती, वर जाणारी. एक पाऊल जड, एक हलकं.

"डावा गुडघा," हिल्केबाई कुजबुजल्या. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. जिन्यावरून कोण येतंय हे घरातल्या बाईला कळतं, तसा त्यांचा चेहरा झाला. राग त्यात कुठेच नव्हता. त्या उठल्या, दोन्ही हातांनी भिंत धरली आणि ओरडल्या, "योस्त!"

पावलं थांबली.

"योस्त! तिथे नाही! मागे फिर!" मग त्यांच्या भाषेत कितीतरी, भराभर, ज्यात पुन्हा पुन्हा एक नाव येत होतं, नातीचं असावं. रडत होत्या त्या. दोन वर्षांचं सगळं एकदम.

धुक्यात कसलाही आवाज नव्हता. तो ऐकतोय असं मला वाटलं. मी तिथे उभा होतो, आणि त्या अनोळखी माणसाने मागे वळावं म्हणून मी माझ्या आयुष्यात कशासाठी केली नाही एवढी प्रार्थना केली. मीही ओरडलो, "दीड तास आहे! अहो, दीड तास! मी खोटं बोललो!"

माझा आवाज ऐकताच पावलं पुन्हा सुरू झाली. डावीकडे, वर, झपाझप, थोडंच राहिलंय असं ज्याला कुणीतरी सांगितलंय त्याची.